सूचना : दुर्लक्षित अल्बमच्या शिफारशी पाठवा

सर्व सभासदांना,

या महिन्याच्या श्रवणयादीसाठी पंक (वेगवान, रांगडे रॉक संगीत) आणि रॉकमधल्या अंडरग्राउंड, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या, बँडचे फारसे ऐकले न गेलेले अल्बम हवे आहेत. रविवार रात्रीपर्यंत प्रत्येकाने एकच नाव कळवावे. सोबत वर्ष आणि तो का ऐकावा याच्या दोन-तीन ओळी हव्यात. नुसती लिंक टाकू नये, कृपया.

सुरुवात माझ्याकडून. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या ‘डेथ’ या बँडमधल्या तीन हॅकनी भावांनी 1975 मध्ये सात गाणी रेकॉर्ड केली. नाव बदला, असा आग्रह एका बड्या कंपनीने धरला, पण डेव्हिड हॅकनीने साफ नकार दिला आणि करार बारगळला. ही गाणी ‘...फॉर द होल वर्ल्ड टू सी’ या अल्बममधून बाहेर आली ती थेट 2009 मध्ये. डेव्हिड 2000 मध्येच वारला होता. हे ऐकताना मला अजूनही गलबलून येतं. पंक हा शब्द रुळण्याआधीचा हा वेग आणि ही धार आहे!

पोर्टलंडच्या ‘वायपर्स’चा ‘यूथ ऑफ अमेरिका’ (1981) हाही असाच. पंकची गाणी दीड-दोन मिनिटांत आटपायची, तेव्हा याचं शीर्षकगीत दहा मिनिटांहून जास्त चालतं. बॉस्टनच्या ‘मिशन ऑफ बर्मा’चा ‘व्हर्सेस’ (1982) हेडफोनवर ऐका. त्यातले टेप लूप (पुन्हा पुन्हा वाजवलेले टेपवरचे आवाजाचे तुकडे) स्पीकरवर निसटतात.

सर्वांना ठाऊक असलेले अल्बम यादीत घेतले जाणार नाहीत. शिफारस करण्याआधी अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकलेला असावा.