समन्स नाकारल्याने दावा थांबत नाही

मा. संपादक,

दिवाणी न्यायालयाच्या नाझर शाखेत, म्हणजे समन्स-नोटिसा बजावण्याचे काम पाहणाऱ्या शाखेत, नोकरी झाल्यामुळे एक प्रकार फार जवळून पाहिला आहे. समन्स बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी, म्हणजे बेलीफ, दारात आला की घरातली मंडळी ‘मालक गावाला गेलेत’ असे सांगतात, किंवा कागद हातात घेतला नाही तर दावा आपोआप मागे पडेल या समजुतीने सही द्यायलाच नकार देतात. नकार मिळाला की बेलीफ समन्सची प्रत दारावर डकवतो, तसा अहवाल देतो आणि न्यायालय समन्स बजावले गेले असे धरू शकते.

या समजुतीमागे फौजदारी खटल्याची छाया असावी. तेथे गुन्हा शाबीत करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मुळे आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. (धनादेश न वटल्याच्या खटल्यात मात्र सही मान्य झाली की देणे होते असे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याचे काम आरोपीवरच येते.)

दिवाणी दाव्यात गप्प बसणे प्रतिवादीच्या अंगाशी येते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. व्यापारी दाव्यात तर १२० दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच जातो. शिवाय ‘दाव्यातील मजकूर मान्य नाही’ एवढे मोघम लिहून भागत नाही, कारण जे कथन स्पष्टपणे नाकारलेले नसते ते कबूल धरले जाते. भावकीच्या दाव्यात तोंडी वाटप झाल्याचे कथन धाकट्या भावाने नाकारलेच नाही, तर पुढे वाटप झाले नव्हते असे म्हणायला त्याला फारशी जागा उरत नाही. तो हजरच राहिला नाही, तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्याची बाजू न ऐकताच निकाल, होतो. तो रद्द करून घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करून गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागते; पण अनेकांना हुकूमनाम्याची जाग येते ती त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, म्हणजे दरखास्त, दाखल होऊन बेलीफ ताबा घ्यायला येतो तेव्हा.

समन्ससोबत सोप्या मराठीतले एक पान जोडण्याचा विचार उच्च न्यायालय प्रशासनाने करावा. त्यावर हजर राहण्याची तारीख, कैफियतीची मुदत आणि तालुका विधी सेवा समितीचा पत्ता ठळक असावा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींतील पक्षकारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, हेही त्याच पानावर छापावे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा