ओल रंगाखाली झाकू नका

ती. आई-बाबांस सा. न.

रंगाऱ्याला इतक्यात बोलावू नका. पश्चिमेच्या भिंतीत पाणी मुरतंय तोवर वरून कितीही चांगला रंग दिला, तरी पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटणार आणि बुरशी पुन्हा वर येणार.

इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब इशाक नावाच्या मुलाच्या वडिलांनी २०१७ मध्ये बुरशीची तक्रार केली, तेव्हा त्यांनाही रंग मारून घ्या असंच सांगितलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये अवाब श्वसनाच्या विकाराने गेला, जेमतेम दोन वर्षांचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूचौकशीत घरातली बुरशी हेच कारण नोंदवलं गेलं, आणि मग त्याच्या नावाने कायदा झाला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहनिर्माणातल्या (कमी भाड्याने घरं देणाऱ्या) घरमालकांना गंभीर ओल-बुरशीची पाहणी कामाच्या १० दिवसांत करावी लागते आणि त्यापुढच्या कामाच्या ५ दिवसांत धोका हटवावा लागतो. ओलीला कागदावर आजाराचं कारण म्हटलं, तेव्हा कुठे हे झालं.

आपल्या सोसायटीत ती अजून ‘रंगकामा’त मोडते. म्हणून बाबा, दम्याच्या पुढच्या तपासणीला घरातली ओल आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. चार दिवस दुसरीकडे राहिल्यावर खोकला उतरतो का, हेही सांगा. दमा, अ‍ॅलर्जीची सर्दी, छातीतली घरघर यांचा ओलसर घराशी संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच मांडला आहे. सांधेदुखी, विसराळूपणा असलं काही त्यात घालू नका. जास्तीच्या दाव्याने खरी तक्रारही हलकी होते.

पाणी कुठून येतं ते आधी पाहा. पोपडे खरवडून, पुसून, दीड फूट चौरस जाड प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा. मग घरात कपडे वाळवणं बंद, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि एसी असेल तर तो ‘ड्राय’वर. आर्द्रतामापकावर आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहायला हवा. मुसळधार पावसात खिडक्या उघडून तो उतरत नाही, उलट चढतो.

गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून गळती असेल तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतच (नमुना नियमांतच) आहे. अर्जात तारखा, डागाशेजारी फूटपट्टी धरून काढलेले फोटो आणि केसपेपरची प्रत द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आई, तू सुक्या झाडूने बुरशी झाडू नकोस, बीजाणू घरभर उडतात. टाइल्सवर, काचेवर साबणाच्या पाण्याने घासून लगेच कोरडं करायचं. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, आणि बाबा दुसऱ्या खोलीत असताना. ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. डाग तीन फूट बाय तीन फुटांहून मोठा असेल तर माणूस लावा. भिंतीला टेकलेली ती कापसाची गादी उन्हात घालून वाचणार नाही, टाकून द्या.

गळती थांबून भिंत पूर्ण वाळली, प्लास्टिक पुन्हा लावून कोरडं निघालं, की रंगाऱ्याला फोन करा.

तुमची,
धाकटी