गोळ्या इतक्यात सुटणार नाहीत

संपादक महोदय,

२०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना जाहीर झाल्यापासून जो तो विचारतो, "आता तुमच्या गोळ्या सुटणार ना?" बहिणीच्या किडनीवर जगणारी मी. सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध. तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्यायचे, मगच गोळी. नाहीतर रक्तातली औषधाची पातळी फसवी येते. या औषधाने हाताला बारीक कंप असतो, सुईत दोरा ओवणे कधीच सोडले.

नियामक टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) आपल्याच शरीरावर उठणाऱ्या प्रतिकारक पेशींना आवरतात, हा या तिघांचा शोध. त्यांनी परक्या अवयवालाही अभय द्यावे, यासाठी प्रयोग चालू आहेत. स्वप्न तसे जुनेच! शास्त्रज्ञ पीटर मेडावर आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच उंदरांवर परकी त्वचा टिकवून दाखवली, पण जन्माआधीच दात्याच्या पेशी टोचून. माणसाचे तसे कसे करणार? यकृत बदललेल्या काही निवडक रुग्णांची औषधे देखरेखीखाली थांबवता आली आहेत. किडनी एवढी समजूतदार नाही.

हा फरक बातमीत एका ओळीत तरी छापा. मथळा वाचून कुणी गोळी बंद केली, तर शरीर अवयव नाकारू लागले तरी सुरुवातीला बहुधा काही दुखत नाही. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढल्यावरच कळते.

– एक वाचक