‘वर्षभर युरोप’ सिम आणि ‘युरोप-रेडी’ फोनबाबत तक्रार व परताव्याची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
पुणे

दिनांक : २० सप्टेंबर २०२५
मुक्काम : स्टुटगार्ट, जर्मनी

महोदय,

स.न.वि.वि.

मार्च महिन्यात आपल्या पुणे शाखेतून मी ‘वर्षभर युरोप’ हे सिम कार्ड जीएसटीसह ₹९,४४० ला आणि ‘युरोप-रेडी’ असे स्टिकर लावलेला फोन ₹१६,९९९ ला घेतला. वर्षभराचे सिम ऑगस्टमध्येच बंद पडले आणि फोनचा ‘रेडी’पणा पहिल्या आठवड्यातच कळला. ईमेलवर विचारले की आपल्या हेल्पलाइनकडून ‘कृपया फेअर यूज पॉलिसी (रोमिंगच्या वापरावरील मर्यादेचा नियम) पाहावी’ एवढेच उत्तर येते. ती मी पाहिली आहे. म्हणूनच हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

मी इथे फिरायला आलेली नाही, नोकरीला आले आहे. आपल्या फॉर्मवर ‘जाण्याचे कारण’ या रकान्यात ‘नोकरी, दीर्घ मुदत’ असे मी लिहिले होते. काउंटरवरच्या मुलाने ते वाचले आणि ‘मग तर वर्षाचाच पॅक घ्या मॅडम, तिकडे गेल्यावर काही बघायलाच नको’ असे सांगितले. पाकिटातून निघाले ते पोलंडच्या कंपनीचे प्रीपेड कार्ड, +४८ ने सुरू होणारे. पोलंडशी माझा काडीचाही संबंध नाही.

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगला वेगळा दर लागत नाही, हे खरे आहे. पण ही सवलत एका देशात राहून अधूनमधून दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी आहे. ग्राहकाचा मुक्काम आणि वापर सतत परदेशातच दिसला, तर कंपनी चार महिन्यांचा हिशेब पाहून त्याला इशारा देऊ शकते आणि चौदा दिवसांत फरक पडला नाही, तर जादा आकार लावू शकते. माझ्या बाबतीत अगदी हेच झाले. एप्रिलच्या सुरुवातीला कार्ड चालू केले, ऑगस्टच्या सुरुवातीला पोलिश भाषेत एक एसएमएस आला, आणि महिना संपायच्या आत जादा आकारापोटी शिल्लक रक्कम संपून इंटरनेट बंद झाले. म्हणजे या कार्डाचे आयुष्य साडेचार महिने असणार हे ते विकतानाच ठरलेले होते. ही अट यंत्रणेतला बिघाड नाही, उघड छापलेला नियम आहे. जो माणूस हाच धंदा करतो त्याला तो ठाऊक नसेल, हे मला पटत नाही.

बंद पडायच्या आधीही त्या क्रमांकाचा उपयोग बेताचाच होता. इथे घर शोधताना एजंटला, दवाखान्यात, कुरिअरवाल्याला परत फोन करायला स्थानिक क्रमांक लागतो. पोलंडचा क्रमांक पाहून फारसे कोणी फोन करत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तो परदेशी कॉल असतो.

याहून गंभीर बाब नोंदणीची आहे. पोलंडमध्ये प्रीपेड कार्ड ओळखपत्राशिवाय देता येत नाही, हा कायदा २०१६ पासून आहे. आपण माझ्या पासपोर्टची प्रत घेतलीत. परंतु मी त्या कंपनीच्या ग्राहक सेवेशी बोलले, तेव्हा कार्ड माझ्या नावावर नसल्याचे सांगण्यात आले. मग ते कोणाच्या नावावर आहे? आणि माझ्या पासपोर्टच्या प्रतीचे आपण काय केले? साडेचार महिने मी बँकेपासून घरमालकापर्यंत सगळीकडे जो क्रमांक दिला, तो एखाद्या अनोळखी व्यक्तीचा असेल तर ती गोष्ट ‘फेअर यूज’च्या उत्तरात बसत नाही.

आता फोनबद्दल. जर्मनीतल्या कंपन्यांनी आपले थ्रीजी नेटवर्क २०२१ मध्ये बंद केले. त्यामुळे ज्या फोनला इथल्या नेटवर्कवर फोरजीवरून बोलता येत नाही, तो कॉल लागला की थेट टूजीवर उतरतो आणि बोलणे संपेपर्यंत इंटरनेट थांबते. आपला फोन तसाच आहे. सिमचा दोष असेल म्हणून मी त्यात जर्मन कार्ड घालून पाहिले, तरी तेच. शिवाय फोन कोणत्या बँडवर, म्हणजे कोणत्या रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर चालतो, याच्या खोक्यावर छापलेल्या यादीत बँड ३, ५, ८, ४० आणि ४१ आहेत, बँड २० नाही. खेड्यापाड्यांत आणि जाड भिंतींच्या जुन्या इमारतींत फोरजी पोहोचवण्याचे बरेचसे काम इथे हाच ८०० मेगाहर्ट्झचा बँड करतो. माझी खोली अशाच एका इमारतीत मागच्या अंगाला आहे. बोलायचे तर खिडकीत जाऊन उभे राहावे लागते. भारतासाठी बनवलेला फोन म्हणून तो वाईट नाही, पण मग त्यावर ‘युरोप-रेडी’ हे स्टिकर कोणी आणि कशाच्या आधारावर चिकटवले?

खरे तर माझ्यासारख्या नव्याने आलेल्यांसाठी इथली सोय अवघड नाही. प्रीपेड कार्ड सुपरमार्केटमध्येही मिळते, पासपोर्ट दाखवून व्हिडिओ कॉलवर ओळख पटवली की चालू होते आणि दहा युरोच्या आसपास चार आठवडे निघतात. चोवीस महिन्यांचा करार करायचा तर कंपनी आधी ‘शुफा’ या लोकांची पत नोंदवणाऱ्या संस्थेकडची पतनोंद पाहते. नव्या माणसाची तिथे काहीच नोंद नसते, म्हणून सुरुवातीला प्रीपेडच बरे. पुढे करार केलाच, तर डिसेंबर २०२१ पासूनच्या कायद्यामुळे पहिली मुदत संपल्यावर तो एक महिन्याच्या सूचनेवर सोडता येतो. ही माहिती काउंटरवर दोन मिनिटांत देता आली असती. पंधरा दिवसांपुरते प्रवासी सिम विकून बाकीचे तिथे जाऊन घ्या असे सांगितले असते, तर मी आपल्या दुकानाचे नाव चार जणांना आनंदाने सुचवले असते. त्याऐवजी ‘भारतातले सिम आता बंद करून टाका’ असाही सल्ला मिळाला. तो माझ्या वडिलांनी तिथल्या तिथे मोडीत काढला म्हणून बरे, नाहीतर भारतातल्या बँकेचे ओटीपी कुठे आले असते?

तरी माझी मागणी अशी आहे. सिमचे ₹९,४४० पूर्ण परत करावेत. साडेचार महिन्यांची वजावट मला मान्य नाही, कारण सांगितलेली वस्तूच दिली गेली नाही. फोन माझा भाऊ पुणे शाखेत आणून देईल, तो परत घेऊन त्याचे ₹१६,९९९ द्यावेत. कार्ड कोणाच्या नावावर नोंदले आहे आणि माझ्या पासपोर्टची प्रत कोणाकोणाला दिली, याचे लेखी उत्तर मिळावे. आणि शिक्षण किंवा नोकरीसाठी जाणाऱ्यांना हा पॅक ‘वर्षभर’ म्हणून विकणे थांबवावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथली विद्यापीठे सुरू होतात, पुण्याहून आलेल्या दोन मुलींकडे मी हेच पाकीट गेल्या आठवड्यात पाहिले.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी यांसाठी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल. मी परदेशात असल्याने प्रकरण रेंगाळेल असा समज नसावा. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, सुनावणी व्हिडिओद्वारे मागता येते आणि भावाच्या नावे अधिकारपत्र तयार आहे.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव व ग्राहक क्रमांक पावतीप्रमाणे)

सोबत : सिम व फोनच्या पावत्या, भरलेल्या फॉर्मची प्रत, ऑगस्टमधील एसएमएसचा स्क्रीनशॉट, फोनच्या खोक्याचे व स्टिकरचे फोटो, हेल्पलाइनशी झालेला ईमेल व्यवहार.