तो किल्ला पन्हाळा नव्हे!

महोदय,

गेल्या आठवड्यात पुतणीच्या लग्नाला शहरातल्या एका हॉलमध्ये गेलो होतो. भिंतीवर किल्ल्याचं जुनं चित्र, खाली पितळी पट्टी : ‘किल्ले पन्हाळा, शिवकाल’. ताट हातात घेऊन तिथंच उभा राहिलो. अहो, तो ग्वाल्हेरचा किल्ला! चित्रकार विल्यम हॉजेस. हा इंग्रज १७८३ मध्ये ग्वाल्हेरला गेला आणि १७८५ ते १७८८ दरम्यान लंडनमध्ये त्याचा ४८ चित्रांचा संच निघाला. म्हणजे महाराजांनंतर शंभरेक वर्षांनी.

ही चित्रं ॲक्वाटिंट पद्धतीची. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड चिकटवायची, मग पत्रा तेजाबात धरायचा. जितका वेळ जास्त, तितकी छटा गडद. अस्सल प्रतीवर भिंग धरलं की आभाळात बारीक रवाळ जाळी दिसते. हॉलमधल्या चित्रात ठिपक्यांच्या सरळ रांगा होत्या. ऑफसेटची छपाई, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पट्टीची आहे. पन्हाळ्याचा चार दरवाजा १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी पाडला. तो कसा दिसायचा हे माझ्या विद्यार्थ्यांना फळ्यावर खडूनं अंदाजानंच काढून दाखवायचो. अशा वेळी परक्या किल्ल्यावर आपलं नाव ठोकलेलं बघून जेवण गोड लागलं नाही. (पांढरा रस्सा मात्र झकास होता.)

व्यवस्थापकांना सांगितलं, तर म्हणाले, ‘‘गड तो गडच की ओ सर!’’ पट्टीचे दोन स्क्रू आहेत. स्क्रूड्रायव्हर घेऊन मी यायला तयार आहे.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर