आशाताई, आपण दार लोटून घेतलेत

प्रिय आशाताई यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालू नका असे आपण बजावले आहे, म्हणून घरोघरी आरोग्याची चौकशी करणाऱ्या आशा स्वयंसेविकेला गाव ज्या नावाने हाक मारते तेच वर लिहिले आहे. माझा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आपल्यामुळे सापडला, म्हणून आभार मानायला घरी आले तेव्हा ‘बाई, ते माझे कामच आहे’ म्हणून आपण चहा ठेवायला उठलात. त्या दिवशी सांगायचे राहिले ते आता लिहीत आहे, आणि चार बायकांच्या वाचनात यावे म्हणून उघडपणे लिहीत आहे.

त्या दुपारी आपण तिशीपुढच्या सर्वांचा भरायचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखण्याची प्रश्नावली, घेऊन आला होतात. तंबाखू, कमरेचा घेर, घरात कोणाला साखर आहे का, हे प्रश्न ओसरीवरच झाले. बायकांचे प्रश्न आले तेव्हा पिशवीत दोन पेने असतानाही आपण ह्यांना पेन आणायला दुकानात पाठवलेत, दार लोटून घेतलेत आणि मग विचारलेत : घाण वासाचे पाणी अंगावरून जाते का, पाळी गेल्यावर रक्त दिसले का, संबंधानंतर रक्त जाते का. ‘थोडे पांढरे जाते, ते सगळ्यांनाच जाते,’ असे मी म्हणाले. यावर ‘नाही’पुढे खूण करून पुढच्या घरी जाणे सोपे होते. आपण हातातला कागद खाली ठेवलात आणि विचारलेत, ‘पांढरेच आहे का, बाई?’

ते पांढरे नव्हते. मांस धुतलेल्या पाण्यासारखे पातळ आणि गुलाबीसर होते, वास मला स्वतःला सहन होत नव्हता, आणि पाळी जाऊन चार वर्षे झालेली असताना मी दिवसातून तीनदा घडी बदलत होते. ‘पांढरे जाणे’ या एका शब्दाखाली आम्ही सगळेच झाकून टाकतो. पाळीच्या मधल्या दिवसांतला चिकट स्राव शरीराचा नेहमीचा असतो, दह्याच्या चोथ्यासारखे जाऊन खाज सुटत असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो, आणि अशा बहुतेक तक्रारी औषधाने बऱ्या होतात, हे आपण आधी सांगितलेत, म्हणून मी घाबरून गेले नाही. परंतु पाळी गेल्यानंतर रक्ताळलेले, दुर्गंधीयुक्त पाणी औषधानेही थांबत नसेल, तर गर्भपिशवीचे तोंड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गप्प बसायचे नाही, हेही आपणच ठामपणे सांगितलेत.

हा ठामपणा माझ्या दृष्टीने किती मोलाचा ठरला ते आपल्याला पुरते माहीत नसेल. त्याआधीच्या आठ महिन्यांत मी एका दवाखान्यात तीन वेळा गोळ्या घेतल्या होत्या. एकदाही कोणी आतून तपासले नाही, आणि चौथ्या खेपेला ‘वय झाले, पिशवी काढून टाका, प्रश्नच मिटेल’ असा सल्ला मिळाला. आपल्या भागात हा सल्ला इतका सहज दिला जातो की मी दिवाळीनंतरचा दिवसही ठरवला होता. कर्करोग आहे हे ठाऊक नसताना साधी पिशवी काढली असती, तर रोगाचा भाग आत राहण्याची शक्यता होती आणि पुढचे उपचार अवघड झाले असते, हे मला नंतर कळले.

प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्यांना काही त्रास नाही अशा बायकांच्या पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. माझ्या बाबतीत त्याची गरजच पडली नाही. डॉक्टरांना गाठ नुसत्या डोळ्यांनी दिसली आणि तुकडा तपासायला त्यांनी थेट बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात पाठवले. गाठीच्या वरच्या पेशी मरतात, तिथे जंतू वाढतात, म्हणून वास येतो, असे तिथे समजले. रोग दुसऱ्या टप्प्यात होता. पाच आठवड्यांत किरणांचे पंचवीस शेक, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाचे सलाइन आणि शेवटी आतून शेक, असे उपचार झाले. ह्यांनी एकदा दबक्या आवाजात ‘हे कशामुळे झाले?’ असे आपल्याला विचारले होते. हा रोग ज्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणू संबंधांतून पसरत असला तरी अतिशय सर्रास आढळतो, बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप जातो आणि राहिला तरी कर्करोग व्हायला अनेक वर्षे लागतात, तेव्हा कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न काढू नका, हे आपले उत्तर ऐकून आमच्या घरातला एक मोठा अबोला संपला.

बार्शीला जाताना एक गोष्ट सारखी मनात येत होती. याच बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, हे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आले. मी तेव्हा तिशीच्या आतली होते, म्हणून त्यात नव्हते. पण पुढे तीस ओलांडल्यावरही मी कधी तपासणीला गेले नाही, याला मात्र सबब नाही.

ताई, मी विज्ञान शिकवते. प्रजननाचा धडा आला की फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढायची, नावे द्यायची आणि घंटा होण्याआधी पुसून टाकायची, असे मी वर्षानुवर्षे केले. या वर्षी आकृती पुसली नाही. दहावीच्या मुलींच्या आयांना येत्या शनिवारी शाळेत बोलावले आहे आणि मुख्याध्यापकांनी दुपारनंतरचा वर्ग मोकळा करून दिला आहे. बोलायला आपण यावे, ही विनंती. दार लोटून घ्यायचे काम माझ्याकडे.

कळावे, लोभ असावा.

आपली ऋणी,
शाळेतल्या बाई