ज्या इंजिनात ईजीआर व्हॉल्व्हच (जळलेला वायू थोडा परत इंजिनात सोडणारी झडप) नाही, त्याचा ईजीआर तुम्ही साफ कसा केला?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय : 2016 ची 1.2 लिटर पेट्रोल गाडी, 84,000 किमी. चढावर नॉकिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकून होणारा खडखडाट), पिकअप घेताना हिसके. तीन जॉबकार्डं झाली, दोष कायम.

काल दुपारी तुमच्या साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरमधून फोन आला, तो तक्रार बंद केल्याचं सांगायला. दोष जसाच्या तसा आहे. ही गाडी तुमच्याच जुन्या गाड्यांच्या दालनातून, तुमच्या तपासणीचा शिक्का आणि वर्षाची वॉरंटी देऊन विकलेली आहे. म्हणून आता सर्व्हिस सेंटरशी बोलणं थांबवून थेट तुम्हाला लिहिते आहे.

इंजिन पूर्ण तापलेलं, एसी चालू, तिसरा किंवा चौथा गिअर, 1,800 ते 2,600 आरपीएम. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे दाबला की पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवल्यासारखा आवाज येतो. पाय सैल केला की त्याच क्षणी बंद. यवतेश्वरचा घाट चढताना येतो, पुण्याहून परतताना खंबाटकीत तर हमखास. त्याच वेळी गाडी ओढ धरत नाही, दोन-तीन हिसके देते आणि मग उचलते. न्यूट्रलमध्ये कितीही रेस केली तरी आवाज नाही, म्हणजे सायलेन्सरजवळचा पत्रा सैल झालेला नाही आणि टॅपेटही नाहीत. थंड इंजिनावर येत नाही, म्हणजे पिस्टन स्लॅप, सैल पिस्टनचं सिलिंडरवर आपटणं, नाही. 100 ऑक्टेनचं (ऑक्टेन जास्त तितकं नॉकिंग कमी) पेट्रोल भरून पाहिलं, तेव्हा आवाज बराच उतरला, हिसके मात्र राहिले. हे नॉकिंगच आहे. त्यात सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे. इथे सिलिंडरमध्ये हवा थोडी कमीच भरते, दाब कमी राहतो, म्हणजे नॉकिंग कोकणापेक्षा कमी व्हायला हवं. तरीही होतंय, यावरून दोष किती पुढे गेलाय हे तुमच्या इंजिनिअरना कळायला हवं.

पहिल्या जॉबकार्डवर लिहिलंय "पेट्रोलची क्वालिटी". दुसऱ्यावर "थ्रॉटल बॉडी व इंजेक्टर क्लीनिंग". तिसऱ्यावर "डीकार्बनायझिंग, ईजीआर व्हॉल्व्ह क्लीनिंग, ट्रायल ओके". या इंजिनाला ईजीआर व्हॉल्व्ह नाही. तुमच्याच पार्ट्स कॅटलॉगमध्ये या इंजिनाखाली तो भाग दाखवलेला नाही. मग साफ काय केलं? आणि जे केलंच नाही ते जॉबकार्डवर लिहिलं जात असेल, तर त्यावरच्या बाकीच्या ओळींवर मी विश्वास कसा ठेवायचा?

आता कालचा फोन. हा संवाद शब्दशः लिहिते, कारण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तो असणारच.

मी विचारलं, फ्युएल प्रेशर मोजलं का? उत्तर : "मॅडम, ते सगळं कॉम्प्युटर बघतो." मी विचारलं, कॉम्प्युटरने किती दाखवलं? उत्तर : "कॉम्प्युटरमध्ये एकही एरर नाही." या गाडीत फ्युएल प्रेशरचा सेन्सरच नाही. गेज लावल्याशिवाय प्रेशर कळण्याचा मार्ग नाही, हे मी सांगितलं. त्यावर तुमचे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाले, "मॅडम, घरी कुणी गाडीतलं कळणारं जेन्ट्स आहे का? त्यांच्याकडे फोन द्या, त्यांना दोन मिनिटांत समजेल." मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, बिलं मी भरली आहेत, जे सांगायचं ते मला सांगा. पुन्हा तेच : "नाही, टेक्निकल आहे म्हणून म्हटलं. मिस्टर असतील तर बरं." मी ईजीआरचं विचारलं. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मागे कुणाशी तरी कुजबुज झाली, आणि मग : "मॅडम, जुनी गाडी आहे, आवाज होणारच. घाटात थोडी हळू चालवा." फोन ठेवला, आणि काही मिनिटांतच मेसेज आला : तक्रार निकाली, ग्राहक समाधानी. मी समाधानी आहे असं मी कुणालाही सांगितलेलं नाही. ही नोंद खोटी आहे.

तुमच्या लोकांनी जे केलं नाही, ते मी गावातल्या एका मेकॅनिककडून करून घेतलं. आकडे असे. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरला ठरल्यापेक्षा किती टक्के जादा पेट्रोल सोडावं लागतं तो आकडा, आयडलिंगला +3 टक्के, चढावर +19. कुठे गळतीतून जादा हवा ओढली जात असती तर उलटं दिसलं असतं : आयडलिंगला जास्त आणि आरपीएम वाढेल तसं कमी. लोडवर ट्रिम चढतंय, म्हणजे पेट्रोल पुरत नाही. एरर कोड नाही याचं कारण साधं आहे, मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याचा कोड साधारण 25 टक्क्यांच्या आसपास गेल्यावरच पडतो. चेक लाइट लागला नाही म्हणून गाडी ठीक, असं धरून तिन्ही वेळा गाडी परत दिली गेली.

गेज लावल्यावर आयडलिंगला 3 बार, चढावर 2.3 बारपर्यंत घसरण. पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज 12.1 आणि त्याच क्षणी बॅटरीवर 13.9. म्हणजे 1.8 व्होल्ट वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये अडकतात. टाकीतल्या पंपाच्या मॉड्यूलचा फिल्टर चोंदला आहे की पंप थकला आहे, हे अर्थिंग साफ करून पुन्हा प्रेशर आणि ठरावीक वेळात येणारं पेट्रोल मोजल्यावर ठरेल. नुसता पंप बदलून अर्थिंग तसंच ठेवलं, तर नवा पंपही असाच अर्धपोटी चालेल.

पेट्रोलला दोष देण्याबद्दलही लिहिते. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, कमी होत नाही. पण 20 टक्के इथेनॉल असलं की त्याच हवेला साधारण आठ टक्के जास्त इंधन लागतं. धडधाकट पंप ते सहज देतो. आधीच धापा टाकणारा पंप देऊ शकत नाही, मिश्रण पातळ होतं, सिलिंडर तापतो आणि नॉकिंग सुरू होतं. दोष पंपाच्या बाजूचा आहे, आणि तो तुमच्या तपासणीत सापडायला हवा होता.

सर्वांत गंभीर गोष्ट स्पार्क प्लगची. गाडी विकताना तुम्ही नवे प्लग टाकले, तसं तुमच्या तपासणीपत्रात लिहिलं आहे. काढून पाहिले तर एनजीके कंपनीचे, 5 हीट रेंजचे (प्लग उष्णता किती बाहेर टाकतो त्याचा आकडा) निघाले. मालकाच्या पुस्तिकेत 6 आहे. एनजीकेमध्ये आकडा जितका लहान तितका प्लग गरम, हे प्लग विकणारा दुकानदारही सांगेल. पातळ मिश्रणावर गरम प्लग म्हणजे आगीत तेल. चारही प्लगचं पोर्सेलिन पांढरं पडलंय, आणि दोन नंबरच्या प्लगवर बारीक चमकणारे कण आहेत. ते अ‍ॅल्युमिनियमचे कण असतील तर पिस्टनचा माथा झिजायला लागला आहे. डीकार्बनायझिंगचे पैसे घेण्याआधी बोरोस्कोप (नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा) आत घालून पाहिला असता, तर हे तेव्हाच दिसलं असतं. कार्बन खरोखर साचला होता का, हे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जास्त येतंय का यावरून कळतं. तेही कुणी मोजलं नाही. पैसे मात्र घेतले.

नॉकिंग ऐकून इंजिनच्या कॉम्प्युटरला (ईसीयू) कळवणारा नॉक सेन्सर राहिला. आवाज येत असतानाही ईसीयू ठिणगीचं टायमिंग जेमतेम मागे घेतो, असं लाइव्ह डेटात दिसतं. म्हणजे सेन्सर नीट ऐकत नाही. त्याचा बोल्ट साधारण 20 न्यूटन मीटरला कसायचा असतो, मध्ये जादा वॉशर चालत नाही. इथे वॉशर आहे. कुणी टाकला ते तुम्ही शोधा.

मला हवं ते असं : योग्य रेंजचे प्लग, वॉशरशिवाय नीट कसलेला नॉक सेन्सर, पंपाच्या अर्थिंगची दुरुस्ती, गरज असल्यास नवं मॉड्यूल, चारही सिलिंडरची बोरोस्कोपने तपासणी आणि त्याचे फोटो. पिस्टन दुखावला असेल तर तो तुमच्या खर्चाने. दुसऱ्या आणि तिसऱ्या जॉबकार्डचे पूर्ण पैसे परत. "ग्राहक समाधानी" ही नोंद रद्द केल्याचं लेखी. आणि त्या फोनबद्दल लेखी माफी, कारण तुमच्या गाड्या चालवणाऱ्या, त्यांचे हप्ते भरणाऱ्या बायका या जिल्ह्यात खूप आहेत, आणि त्यांनी गाडीबद्दल बोलायला घरातला पुरुष शोधायचा नसतो.

दुरुस्तीनंतरची ट्रायल यवतेश्वरच्या घाटात घ्यायची, इंजिन तापवून, एसी लावून, स्कॅनर जोडून, मी गाडीत असताना. सर्व्हिस सेंटरच्या आवारात चक्कर मारून "ट्रायल ओके" लिहिलेलं मी स्वीकारणार नाही.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवस वाट पाहीन. नंतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सातारच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, आणि ईजीआर साफ केल्याचं जॉबकार्ड व तुमचाच पार्ट्स कॅटलॉग शेजारी शेजारी ठेवणार आहे. तोवर गाडी उभी आहे. काढलेले प्लग सिलिंडरचा नंबर घालून जपून ठेवले आहेत. ते तुमच्या माणसाला दाखवीन, देणार नाही.

यापुढे फोन नको. लेखी कळवा.

आपली ग्राहक,
सातारा

सोबत : तिन्ही जॉबकार्डं, विक्रीच्या वेळचं तपासणीपत्र, प्लगचे फोटो, स्कॅनर व प्रेशर गेजच्या नोंदी